चाकरीचे तंटे व अपिलाची वाट : नांदेड-लातूर प्रांतांतील एक प्रकरण

गोतसभांचे महजर, थळपत्रें व वतनांचे करीने ह्यांवर आजवर विपुल लिहिलें गेलें आहे, व पुढेंही लिहिलें जाईल. परंतु वेतन घेऊन काम करणारा व वेतन देणारा ह्यांच्यामधील तंटा एका न्यायासनापुढून दुसऱ्या न्यायासनापुढें कसा जाई, ह्या प्रश्नाकडे आपल्या संशोधकांचें लक्ष त्या मानानें थोडेंच वळलें आहे. कारण उघड आहे. वतनाचा कागद पेटींत रुमालांत बांधून जपला जातो. मजुरीचा कागद मजुराच्या मागें चुलींत जातो. प्रस्तुत निबंधांत नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांपुरता हा प्रश्न घेऊन, अपिलाची वाट कोठून कोठें वळत गेली, आणि त्या वाटेनें गेलेल्या एका अलीकडील प्रकरणाचा शेवट कसा झाला, हें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शास्त्राकडे पाहूं. लातूर जिल्ह्याच्या दक्षिणेस, आज कर्नाटकांत असलेल्या कल्याणीस, चालुक्य विक्रमादित्य सहावा (१०७६–११२६) ह्याच्या कारकीर्दींत विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा लिहिली. अर्थात् ज्या ग्रंथानें पुढें आठशें वर्षें हिंदुस्थानच्या मोठ्या भागांत व्यवहारनिर्णय झाले, तो आपल्या ह्या प्रांताच्या वेशीवर जन्मलेला आहे. अठरा विवादपदांत 'वेतनस्यानपाकर्म', म्हणजे वेतन न देणें, हें एक स्वतंत्र पद आहे. वेतन घेऊन काम टाकणाऱ्यानें घेतलेल्याच्या दुप्पट द्यावें. वेतन मुळींच न ठरवितां काम करून घेणाऱ्यानें व्यापार, पशु किंवा धान्य ह्यांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चाकरास द्यावा, असा याज्ञवल्क्याचा नियम आहे. दोष दोन्ही बाजूंस संभवतो हें त्या काळीं गृहीत धरलेलें होतें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

अपिलाची कल्पनाही तेथेंच आहे. कुल, श्रेणी, पूग व राजानें नेमलेले अधिकारी अशी चढती परंपरा सांगून मिताक्षराकार स्पष्ट करतो कीं, कुलानें दिलेल्या निर्णयानें असमाधान झाल्यास श्रेणीकडे, तेथून पूगाकडे व तेथून राजाधिकाऱ्याकडे जावें. वरच्यानें निकाल दिलेला तंटा मात्र खालच्याकडे नेतां येत नाहीं. यांतील श्रेणी ही एकाच शिल्पानें वा व्यापारानें जगणाऱ्यांची संस्था. म्हणजे कारागिरांची सभा हीच न्यायदानाची एक पायरी होती. पुनर्न्यायाचीही सोय आहे, पण ती फुकट नाहीं. आपण हरलों नाहीं असें म्हणून पुन्हा उभा राहणारा पुन्हा हरला तर त्यास दुप्पट दंड. आणि निर्णयच वांकडा ठरला तर पूर्वीच्या सभ्यांसही दंड. ही दुसरी तरतूद आजच्या अपिलाच्या नियमांत नाहीं, ही गोष्ट आम्ही केवळ नमूद करतों.

मराठेशाहींतील व तिच्या पूर्वीच्या कागदांत ही परंपरा गोतसभा, देशक व राजसभा ह्या रूपानें दिसते. येथें एकच उदाहरण पुरे. मसूरच्या पाटिलकीच्या तंट्यांत बापाजी मुसलमान ह्यानें स्थानिक सभेंत आपणांस न्याय मिळणार नाहीं अशी फिर्याद इब्राहीम आदिलशहाकडे केली, व बादशहानें तो तंटा पैठणच्या सभेकडे पाठविला. पैठणासही बापाजी हरला. पण ह्या प्रकरणाचें मर्म निकालांत नाहीं. न्यायासन जवळचें असावें कीं निःपक्षपाती असावें, ह्या जुन्या प्रश्नांत आहे. मराठवाड्याच्या पुढील सबंध इतिहासांत हाच प्रश्न वेगळ्या वेषानें पुनःपुन्हा येतो.

निजामाच्या राज्यांत नांदेडचा दावा मुन्सफाच्या कचेरींतून जिल्ह्याच्या अदालतींत, तेथून हैदराबादेस जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणांत अदालतींची भाषा फारसीऐवजीं उर्दू झाली. त्यामुळें ह्या मिसलींत फिर्यादी तो 'मुद्दई', प्रतिवादी तो 'मुद्दालेह', आणि अपील तें 'मुराफा' होय. मुसी नदीच्या तीरीं उच्च न्यायालयाची प्रसिद्ध इमारत १९२० सालीं उघडली गेली. तिच्याही वर जुडिशियल कमिटी नांवाचें मंडळ होतें. ब्रिटिश हिंदुस्थानास लंडनची प्रिव्ही कौन्सिल तशी हैदराबादेस ही कमिटी. भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आली, तेव्हां तिच्या ३७४ व्या कलमानें अशा सर्व मंडळांचा अधिकार संपला व त्यांच्यापुढील अपुरीं अपिलें सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झालीं. संग्राहकांनीं हें ध्यानांत घ्यावें. ज्या मिसलीचा आरंभ हैदराबादेस उर्दूंत झाला, तिचा शेवट दिल्लीस इंग्रजींत झालेला असूं शकतो, व मधला दुवा सांपडला नाहीं तर दोन्ही तुकडे निरर्थक वाटतात.

ह्या कागदांच्या तारखांविषयींही एक सूचना येथेंच करून ठेवतों. हैदराबादचें फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या सप्ताहापासून, सुरू होई. आजूरपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदास ५९० मिळवावे, जानेवारीपासून पुढें ५९१. फसली १३५७ चा कागद ह्या हिशेबानें १९४७ चाही असूं शकतो व १९४८ चाही. आणि त्या दोन वर्षांमधील अंतर मराठवाड्याच्या इतिहासांत किती आहे हें सांगावयास नको.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना झाली व वाट पुन्हा वळली. नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशें किलोमीटरांच्या आसपास. मुंबई सुमारें सहाशें. अपील एका रात्रींत दुप्पट लांब गेलें. शिवाय जिल्ह्यांच्या सीमाही हलल्या. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके तोंपर्यंत बीदर जिल्ह्यांत होते, ते उस्मानाबादेंत आले, व त्यांतून पुढें १९८२ सालीं लातूर जिल्हा निराळा झाला. किनवट आदिलाबादेंतून नांदेडांत आलें. म्हणून उदगीरची जुनी मिसल लातुरास न शोधतां बीदरकडे शोधावी, व किनवटची आदिलाबादेकडे. मुंबईच्या उच्च न्यायालयाचें खंडपीठ औरंगाबादेस (आतां छत्रपति संभाजीनगर) ऑगस्ट १९८१ मध्यें बसूं लागलें. राज्यपुनर्रचना कायद्याच्या ५१ व्या कलमान्वये मुख्य न्यायाधीशांनीं काढलेल्या त्या हुकुमासच हरकत घेतली गेली, व सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं तो कायम केला. १९८४ सालीं खंडपीठ कायमचें झालें. न्यायासनाचें स्थान हाच तंट्याचा विषय व्हावा, हें पैठणच्या प्रकरणाची आठवण करून देणारें आहे.

आतां चाकरीच्या तंट्यांकडे येऊं. नांदेडची उस्मानशाही मिल ही निजाम मीर उस्मान अली खान ह्यांच्या नांवाची गिरणी. ह्या प्रांतांतील गिरणी कामगार ह्या वर्गाचा उदय तिच्याशीं निगडित आहे. येथें सहज एक गोष्ट सांगावीशी वाटते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत येण्यापूर्वीं ना. म. जोशी ह्यांच्या हाताखालीं कामगार चळवळींत काम करीत होते. जोश्यांनीं १९२६ सालीं मुंबईंत गिरणी कामगारांची संघटना काढली, आणि अर्ज, चौकशी, लवाद ह्या मार्गावर त्यांचा भर असे. मराठवाड्याच्या राजकारणांतील एका धाग्याचें मूळ अशा रीतीनें परळच्या चाळींत आहे.

अर्जाच्या त्या मार्गास प्रथम कसा अनुभव आला हें १९२४ च्या मुंबईच्या संपांत दिसतें. कांहीं वर्षें दरसाल मिळालेला बोनस मालकांनीं बंद केला, तेव्हां सुमारें दीड लाख कामगार बाहेर पडले. सर नॉर्मन मॅक्लाउड ह्या मुंबईच्या मुख्य न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालीं समिति बसली, व तिनें ठरविलें कीं रूढि, कायदा किंवा न्यायबुद्धि ह्यांपैकीं कशाच्याही आधारें कामगारांस बोनसचा हक्क सांगतां येत नाहीं. त्याच मागणीस सव्वीस वर्षांनीं, १९५० सालीं, कामगार अपील न्यायाधिकरणानें मुंबईच्या गिरण्यांच्याच प्रकरणांत सूत्र बांधून दिलें: घसारा, यंत्रांचें नूतनीकरण, करांची रक्कम व भांडवलावरील वाजवी परतावा वजा करून उरेल त्यांत कामगारांचा वांटा. १९६५ सालीं त्याचा कायदा झाला. पहिल्या निकालांत जें काहींच नव्हतें, तें असें हळूहळू हक्काच्या पदास चढलें.

ह्या अपील न्यायाधिकरणाचें आयुष्य मात्र अल्प ठरलें. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत अपिलाची पायरी मुळीं ठेवलीच नव्हती. तडजोड अधिकारी, तो अयशस्वी झाल्यास सरकारचा अहवाल पाहून विवाद न्यायाधिकरणाकडे सोंपविणें, व त्याचा निवाडा सरकारी राजपत्रांत प्रसिद्ध होणें, इतकाच क्रम होता. १९५० सालीं स्वतंत्र कायद्यानें अपील न्यायाधिकरण आलें. १९५६ च्या कायद्यानें तें मोडलें. मराठवाडा हैदराबादेंतून निघाला त्याच वर्षीं! उरला तो घटनेचा मार्ग: २२६ व २२७ कलमान्वये उच्च न्यायालयांत अर्ज, आणि १३६ व्या कलमान्वये सर्वोच्च न्यायालयाची परवानगी. असे निवाडे ह्या कलमाच्या कक्षेंत येतात हें भारत बँकेच्या प्रकरणांत १९५० सालींच ठरलें होतें. हें खरें अपील नव्हे. पुराव्याचा पुनर्विचार सामान्यतः तेथें होत नाहीं. खालच्या न्यायासनानें अधिकार ओलांडला काय, कायद्याची चूक केली काय, एवढेंच पाहिलें जातें. मिताक्षरेच्या भाषेंत सांगावयाचें तर पूगाची पायरी काढून टाकून श्रेणीवरून एकदम राजद्वारीं जाण्याचा हा प्रकार आहे.

बँक कर्मचाऱ्यांचा पहिला मोठा तंटा ह्या संधिकाळांत सांपडला, व त्याची हकीकत महजर वाचणाऱ्यांस विशेष रुचेल. १९५० सालीं तीन पंचांच्या न्यायाधिकरणानें निवाडा दिला. त्यांतील एक पंच मध्यंतरीं दुसऱ्या कामगिरीवर गेले होते व परत येऊन बसले. १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें ठरविलें कीं, सर्व पंच एकत्र न बसल्यामुळें निवाडाच रद्द आहे. महजरावर नांगराची, किंकऱ्याची, आरशाची अशा सगळ्या निशाण्या आहेत कीं नाहींत हें जसें आपण प्रथम पाहतों, तसेंच हें झालें. मग दुसरें न्यायाधिकरण, १९५४ सालीं अपील न्यायाधिकरणाचा निर्णय, त्यांत सरकारनें केलेला फेरफार, त्या निषेधार्थ मजूरमंत्री वराहगिरी वेंकट गिरी ह्यांचा राजीनामा, आणि अखेर १९५५ सालीं न्यायमूर्ति प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर ह्यांचा एकसदस्य आयोग. गजेंद्रगडकर हे साताऱ्याच्या संस्कृत पंडितांच्या घराण्यांतले. पुढें सर्वोच्च न्यायालयांत औद्योगिक कायद्याची जी घडण झाली तींत त्यांचा हात मोठा आहे.

ह्या सर्व प्रस्तावनेनंतर नांदेडचें प्रकरण घेऊं. १९७६ च्या कायद्यानें प्रादेशिक ग्रामीण बँका निघाल्या, व त्याच वर्षीं मराठवाडा ग्रामीण बँक स्थापन होऊन तिचें मुख्य कार्यालय नांदेडास राहिलें. भांडवलांत केंद्र सरकारचे शंभरांत पन्नास, राज्याचे पंधरा व पुरस्कर्त्या बँकेचे, म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्रचे, पस्तीस भाग. नांदेड, लातूर, परभणी, बीड, उस्मानाबाद ह्या भागांतील खेडोपाडीं तिच्या शाखा होत्या, व त्या शाखांतले कारकून बहुधा त्याच भागांतले असत. ह्या बँका स्थापतांना त्यांचे पगार गांवच्या मानानें बेतलेले होते. समान कामास समान वेतन मिळावें म्हणून ग्रामीण बँकांचे नोकर सर्वोच्च न्यायालयांत गेले, तेव्हां प्रश्न न्यायमूर्ति ओबुल रेड्डी ह्यांच्या राष्ट्रीय न्यायाधिकरणाकडे सोंपविला गेला. ३० एप्रिल १९९० च्या निवाड्यानें १ सप्टेंबर १९८७ पासून त्यांस व्यापारी बँकांची बरोबरी मिळाली. हें न्यायाधिकरण हैदराबादेस बसत असे. चौतीस वर्षांनीं नांदेडचा चाकरीचा तंटा पुन्हा हैदराबादेस गेला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पण आमचा विषय वेतनाचा नसून भविष्यनिर्वाह निधीचा आहे. १९५२ च्या कायद्याप्रमाणें मालकानें आपला हिस्सा वेतनाच्या ठरीव मर्यादेपर्यंतच भरणें बंधनकारक असतें. ही मर्यादा १९९४ च्या ऑक्टोबरांत ५,००० रुपये झाली, २००१ च्या जूनांत ६,५०० व २०१४ च्या सप्टेंबरांत १५,०००. कल्पना करा कीं एखाद्यास १०,००० रुपये वेतन असून दर शेंकडा १२ आहे. पुऱ्या वेतनावर हिस्सा १,२०० होतो; ६,५०० च्या मर्यादेवर ७८० च. महिन्यास ४२० रुपयांचा फरक, व तो व्याजासह तीस वर्षें चालत राहिला तर म्हाताऱ्या कारकुनाच्या शेवटच्या घराएवढा.

मराठवाडा ग्रामीण बँकेनें आपला स्वतंत्र विश्वस्तनिधि काढून कांहीं काळ ही मर्यादा न पाळतां, म्हणजे कायद्यानें लागणाऱ्याहून अधिक, हिस्सा भरला. १९९० नंतरच्या दशकांत देशांतील बहुतेक ग्रामीण बँका तोट्यांत होत्या, व ही बँकही त्यांत होती. तिनें ठरविलें कीं यापुढें कायद्यापुरतेंच भरावयाचें. १९४७ च्या कायद्याच्या ९-अ कलमानें चाकरीच्या अटींत बदल करण्यापूर्वीं एकवीस दिवसांची सूचना देणें मालकावर बंधनकारक होतें, आणि चौथ्या परिशिष्टांतील ज्या बाबींस हें लागू होतें त्यांत निधींतील मालकाचा हिस्सा ही बाब नांवानें होती. तेथून तंटा उभा राहिला. केंद्राच्या औद्योगिक न्यायाधिकरणापुढून मुंबई उच्च न्यायालयापुढें, व तेथून सर्वोच्च न्यायालयापुढें तो गेला.

वतनाचा कोणताही वाद चाळणाऱ्यास दोन्ही बाजूंचें म्हणणें परिचित वाटेल. संघटनेचा आधार भोगवटा: इतकीं वर्षें जें मिळालें, ज्यावर नोकरांनीं आपल्या म्हातारपणाचा हिशेब बांधला, तें चाकरीची अटच झालें आहे, तें एकतर्फीं काढतां येत नाहीं. बँकेचा आधार सनद: कायद्यांत जितकें लिहिलें तितकेंच देणें, अधिक दिलें तें स्वखुशीनें, व स्वखुशीस कायमचें बंधन नाहीं. भोगापेक्षां आगम बलवत्तर, परंतु पूर्वपरंपरेनें चालत आलेला भोग ह्यास अपवाद, अशी याज्ञवल्क्याची व्यवस्था आहे. प्रश्न एवढाच कीं थोड्या वर्षांचा भोग 'क्रमागत' म्हणावा काय. सप्टेंबर २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें 'नाहीं' असें उत्तर दिलें. बँकेनें स्वतःचा विश्वस्तनिधि काढून कांहीं काळ अधिक भरलें, एवढ्यावरून सर्व काळ अधिक भरण्याची सक्ति तिच्यावर करतां येत नाहीं, असा निर्णयाचा आशय असून संघटनेचें अपील फेटाळलें गेलें.

शास्त्रदृष्ट्या हा निर्णय टिकणारा आहे असें आमचें मत आहे. क्रमागत भोगास जी पिढ्यांची मुदत लागते ती येथें नव्हती, आणि दान देणाऱ्यास दानाच्या प्रमाणाबद्दल कायमचा ऋणी करणें हें कोणत्याही स्मृतीस संमत नाहीं. परंतु ज्यास दान म्हटलें तें दान होतें काय, ह्याविषयीं आम्हांस शंका आहे. नोकरी पत्करतांना किंवा ती न सोडतां मनुष्य सगळें मिळून किती मिळतें तें पाहतो. निधींतला हिस्सा हा पुढें ढकललेल्या वेतनाचा भाग असतो. तो वेतन मानला तर तंटा भोगाचा राहत नाहीं, वेतनस्यानपाकर्माचा होतो, व त्यास निराळे नियम लागतात. १९२४ च्या समितीनें रूढीचा आधार नाकारला तेव्हां विषय बोनस होता, आणि बोनसही अखेर लांबविलेलें वेतनच आहे हा विचार पुढें मूळ धरूं लागला. निधीच्या बाबतींत तसें झालेलें नाहीं. निवृत्तिवेतनाच्या बाबतींत मात्र ग्रामीण बँकांच्या नोकरांचें अपिलांतील यश निर्विवाद आहे: एप्रिल २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें राष्ट्रीयीकृत बँकांच्या धर्तीवर त्यांचा निवृत्तिवेतनाचा हक्क कायम केला.

उस्मानशाही मिलच्या कामगारांचें दैव याहून निराळें. १९७४ च्या कायद्यानें देशांतील १०३ आजारी गिरण्या सरकारनें घेतल्या व राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे सोंपविल्या. नांदेडची गिरणी त्यांत होती व पुढें नांदेड टेक्स्टाइल मिल ह्या नांवानें चालली. त्या कायद्यान्वये पूर्वींच्या मालकाचें देणें पूर्वींच्या मालकाचेंच राहिलें, आणि दावा आयुक्ताकडे सांगावयाचा होता. तंटा जिंकूनही वसुली कोणाकडून करावयाची हें अशा वेळीं न्यायाच्या कक्षेबाहेर पडतें. गिरणीचा फाटक व तिच्या संघटनेचें दप्तर ह्यांपैकीं फाटकाचें छायाचित्र काढणारे पुष्कळ आहेत. दप्तर मिळाल्यास त्यांत तीन भाषांचे कागद असणार हें गृहीत धरून मिसल क्रमानें लावावी: उर्दू मुराफे, इंग्रजी निवाडे, व संघटनेचे मराठी ठराव. मराठी ठरावांवरच बहुधा तारीख नीट घातलेली नसते.

बँकेच्या बाबतींत शोधकानें एक गोष्ट विसरूं नये. ज्या निकालपत्राच्या शिरावर मराठवाडा ग्रामीण बँकेचें नांव आहे, तो निकाल होण्यापूर्वींच ती बँक त्या नांवानें राहिली नव्हती. जुलै २००९ मध्यें ती महाराष्ट्र गोदावरी ग्रामीण बँकेशीं एक होऊन महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. आणि १ मे २०२५ रोजीं तीत विदर्भ कोकण ग्रामीण बँकही मिळाली. म्हणून संघटनेच्या मूळ अर्जाचा किंवा विश्वस्तनिधीच्या नियमावलीचा माग लावतांना तिन्ही नांवांखालीं पाहावें, आणि राजपत्रांतील निवाडा निकालाच्या सालाखालीं न शोधतां त्याच्या कित्येक वर्षें मागें जाऊन शोधावा.